मुलगी वह्या भरभरून लिहिते पण कुणाला दाखवत नाही, तिला 'लेखिका' बनवणाऱ्या क्लासला घालू का?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचक असते पण आज विचारायचंच आहे.

लेक अकरा वर्षांची, सहावीत, सेमी इंग्लिश. आम्ही मूळचे कऱ्हाडचे, सध्या पिंपरी-चिंचवडात. वाचायचं वेड म्हणजे जेवताना पुस्तक, रिक्षात पुस्तक, आंघोळीला पाणी काढलं की ते थंड होईपर्यंत पुस्तक. वाचते काय तर भुतांच्या गोष्टी आणि चोर-पोलीस, त्यावरून नवऱ्याचं आणि माझं वाजतं कारण त्याला वाटतं चरित्रं वगैरे वाचावीत. ते जाऊ दे, मुख्य मुद्दा लिहिण्याचा आहे. मागच्या वर्षीच्या वह्यांत जी कोरी पानं उरतात ती सगळी हिच्या गोष्टींनी भरलेली असतात, आणि मला ती कधीमधी वाचायला द्यायची. पूर्ण नाही, एखादं पान, तेही हाताने अर्धं झाकून.

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा हिच्या आत्याने वही उघडून एका कवितेचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानेच टाकला, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मग काय, अंगठे, गुलाबाची फुलं, 'आमच्या घराण्यात लेखिका', आणि एका काकांनी तिथेच ऱ्हस्व-दीर्घ काढून दाखवले. लेक त्या दिवशी काहीच बोलली नाही, पण घरी आल्यावर सगळ्या वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या आणि मला पान दाखवणंही बंद झालं. लिहिते अजून, मला रात्री दाराच्या फटीतून दिवा दिसतो.

आता नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी एक ऑनलाइन क्लास सांगितलाय. काही आठवडे शिकवणार, शेवटी मुलाचं स्वतःचं पुस्तक छापणार, त्याला आयएसबीएन नंबर, ऑनलाइन विक्रीला ठेवणार, सर्टिफिकेट, 'बाल लेखक' म्हणून सत्कार. फी ऐकून मी जरा बसलेच, पण नवरा म्हणतो निदान तिला आत्मविश्वास येईल आणि काहीतरी हातात राहील. मला पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाहीये. तुमच्यापैकी लहानपणी कुणी असं लिहीत होतं का? घरच्यांनी काय केलं तर तुम्हाला बरं वाटलं असतं?

---

टीपकागद

ताई, मी पुण्यात डीटीपी आणि छपाईच्या धंद्यात आहे, बाबांपासून. त्यामुळे लिहिण्याबद्दल माझं सोडा पण त्या 'पुस्तक छापणार' भागाबद्दल बोलू शकतो.

आयएसबीएन हा बहुमान नाही, तो पुस्तकाचा ओळख नंबर आहे. तेरा आकडी, आपल्याकडचे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी देते, दिल्लीत आहे, आणि फुकट देते. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. कुणी परीक्षक बसलेला नसतो की वा काय लिहिलंय, द्या हिला नंबर. गाईडला असतो, रेसिपीच्या पुस्तकाला असतो, पंचवार्षिक अहवालालाही कधीकधी असतो. त्यामुळे जाहिरातीत तो शब्द जाड अक्षरात दिसला की समजायचं कशाचे पैसे लावलेत.

छपाईचं म्हणाल तर पूर्वी ऑफसेटला पाचशे-हजार प्रती काढल्याशिवाय परवडायचं नाही, प्लेटचा खर्चच निघायचा नाही. आता डिजिटलवर दहा प्रती पण निघतात. बत्तीस पानं म्हणजे सोळा पेजीचे दोन फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या तावावर एकत्र छापलेली पानं), वर रंगीत कव्हर, लॅमिनेशन, पिन मारली की झालं. त्यांच्या फीच्या मानाने हा खर्च चिल्लर आहे. आणि ऑनलाइन विक्रीला ठेवणं म्हणजे एक पान बनवून ठेवणं, घेणारे आजी आजोबा आणि मावशीच असतात. खऱ्या प्रकाशकाला अजून एक काम असतं जे हे लोक बहुधा सांगत नाहीत, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट देशातल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. विचारून बघा त्यांना, पाठवता का म्हणून. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

पण मला खटकतं ते वेगळंच. अशी मुलांची पुस्तकं आमच्याकडे छपाईला येतात, मी लावतो, प्रुफं बघतो. आठ वर्षांचं पोर आणि बारा वर्षांचं पोर अगदी एकसारखं लिहितं. प्रत्येक गोष्टीत एक झाड बोलतं आणि शेवटी सगळे प्लास्टिक वापरणं सोडतात. मोठ्या माणसाचा हात फिरलेला असतो हो, तो लगेच कळतो. एकदाच एका पुस्तकात चुकून न सुधारलेलं पान राहिलं होतं, त्यात एका मुलाने लिहिलं होतं की राक्षसाला भूक लागली पण त्याची आई ऑफिसला गेली होती. मी तेवढं पान घरी बायकोला वाचून दाखवलं. दुसऱ्या प्रुफात ते गेलेलं होतं.

---

बेरीज_वजाबाकी

सगळं ठीक आहे पण मुलगी रात्री जागून लिहिते हे कुणाला दिसत नाहीये का? सहावी आहे, पुढे दहावी. आमच्या शेजारी एक मुलगा असाच वाचायचा, आता तिशी आली तरी स्पर्धा परीक्षाच देतोय. छंद म्हणून ठीक, पण घरच्यांनी एवढं डोक्यावर घेऊ नये. क्लास नको हे बरोबर, पण माझं कारण वेगळं, तेवढ्या पैशात गणिताची शिकवणी होईल.

---

वाशिष्ठी_काठ

बेरीज_वजाबाकी, दिवा लवकर मालवायला सांगावा हे मान्य. बाकी मी चौतीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय आणि वाचणारी पोरं वाचल्यामुळे नापास झालेली मला तरी आठवत नाहीत. नापास होणारे वेगळ्या कारणांनी होत असत.

ओसरीवरची, तू मुलीच्या वयाचीच असशील माझ्या म्हणून अगं म्हणते. मी चिपळूणची. आमच्याकडे लोटिस्मा आहे, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं. आमच्या जिल्ह्याला वाचनालयांची हौस जुनीच, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं. २००५ ला आणि परत २०२१ च्या जुलैत लोटिस्मात पाणी शिरलं, पुस्तकांचं काय झालं असेल ते पूर बघितलेल्यांनाच कळेल, तरी ते उभं आहे. हे सगळं अशासाठी सांगते की मला वाचायचं वेड लागलं ते घरात नाही, वाचनालयात. घरात वाचलं की कुणीतरी विचारायचं काय वाचतेस, संपलं का, काय शिकलीस त्यातून. वाचनालयात कुणी विचारत नसे. ग्रंथपाल मान वर करून एकदा बघायचे, रजिस्टरात नंबर टाकायचे, झालं. त्या न विचारण्यात केवढं सुख होतं ते मोठं झाल्यावर कळलं.

तेव्हा पहिलं काम, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात तिच्या स्वतःच्या नावाने बालविभागाचं सभासदत्व घे. तुझ्या कार्डावर नाही. वर्गणी आणि अनामत मिळून पिझ्झ्याच्या बिलापेक्षा कमीच होते बहुतेक ठिकाणी. आत जाताना तू बाहेर बाकावर पेपर वाचत बस. भुतांची आणली तर भुतांची. मी वर्गात बघितलंय, रहस्यकथा वाचणारं मूल कथानक बांधायला शिकतं, कुठे लपवायचं आणि कुठे सांगायचं हे त्याला आपोआप कळतं. चरित्रं वाचायला लावलेलं मूल निबंध चांगला लिहितं. दोन्हीला जागा आहे, पण लिहायची ओढ असलेल्या पोरीला पहिलं जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत.

एक अडचण मात्र येईल. आपल्याकडच्या पुष्कळ वाचनालयांत पुस्तकं अजून कुलपाच्या कपाटात असतात, काचेतून बघायची आणि नाव सांगून मागायची. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं, पण ते थोडं आणि उशिरा. ग्रंथालयासाठी वेगळा कर काही त्या कायद्यात ठेवला नाही. त्यात काम करणाऱ्यांचे पगार काय असतात ते न बोललेलं बरं, आणि पुस्तक हरवलं की हिशेब त्यांनाच द्यायचा, मग ते कपाट उघडं कसं ठेवतील. म्हणून दोन-तीन ठिकाणं हिंडून जिथे मुलांना कपाटाला हात लावू देतात तिथलंच सभासद हो. मुलाला पुस्तक पाठीवरून बघून, काढून, चाळून, नाक मुरडून परत ठेवता आलं पाहिजे.

आणि लिहिण्याचं सांगते. आमच्या शाळेत हस्तलिखित निघायचं, तुमच्याही निघत असेल पूर्वी. वर्षाला एकच प्रत. मुलांनीच लिहायचं, चांगल्या अक्षरवाल्याने उतरवून काढायचं, चित्रं काढणाऱ्याने चित्रं, एकाने मुखपृष्ठ, एकाने अनुक्रमणिका. मी संपादक म्हणून नावाला. नियम दोन ठेवले होते, गोष्टीतला मजकूर मोठ्यांनी बदलायचा नाही, आणि शुद्धलेखन बघायचं ते उतरवून काढायच्या आधी, लेखकाच्या शेजारी बसून, पेन्सिलीने. म्हणजे बघायचंच नाही असं नाही हं. त्या काकांचं ऱ्हस्व-दीर्घ बरोबरच असेल, जागा चुकली. चारचौघांत दुरुस्त केलेला शब्द मूल परत वापरत नाही, तो टाळायलाच शिकतं, मी हे पुन्हापुन्हा बघितलंय.

सोसायटीतल्या चार मुलींना घेऊन एक हस्तलिखित काढायला सुचव. तू सुचव म्हणजे एकदा बोल आणि विसरून जा.

---

तूरडाळ

मी यवतमाळकडचा, आता बँकेत. लहानपणी लिहीत होतो, तुमच्या पोरीसारखाच लपवून. गाइडचं कव्हर काढून त्यात वही टाकायची, बाबाले वाटे पोरगा अभ्यास करून राहिला. मार पण खाल्ला त्याच्यावरून, पण ते असो.

वरच्या लोकांचं बहुतेक पटते, फक्त एक गोष्ट वेगळी सांगतो. छापून येणं वाईटच असं काही नसते. सातवीत असताना मी एका पेपरच्या लहान मुलांच्या पुरवणीले गोष्ट पाठवली होती. कोणाले सांगितलं नाही. पोस्टातून पाकीट आणलं, आत एक आणखी पाकीट आपला पत्ता लिहून तिकीट लावून टाकायचं, साभार परत करायचं असलं तर, हे मले पुरवणीतच वाचून माहीत होतं. ती गोष्ट छापून नाही आली. पाकीट परत आलं. पण त्याच्यावर माह्या अक्षरात माह्या नावाने पत्ता होता आणि पोस्टमनने 'तुमचं हाय' म्हणून माह्या हातात दिलं, बाबाच्या नाही. मग दुसरी पाठवली. ती आली छापून, चार ओळी कापून.

म्हणजे मले काय म्हणायचं, ग्रुपवर टाकलेली कविता आणि पेपरात आलेली गोष्ट, दोन्ही लोकांनी वाचल्याच ना. पण एक दुसऱ्यानं नेली आणि एक मी सोडली. नाही छापली तर आपल्यालेच माहीत, छापली तर आपण सांगू तेव्हा कळन. क्लासवाले तर नापसंत करतच नाहीत कोणाले, फी भरली का छापतेत. मंग त्याच्यात मजा काहून यावं?

बालभारतीचं 'किशोर' आहे ना, १९७१ पासून निघते, त्याच्यात पोरांनी लिहिलेलं पण घेतात. जुने अंक बालभारतीनं नेटवर टाकले आहेत, फुकट. आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्याचे गठ्ठे होते, कपाट उघडायची चावी गुरुजींच्या टेबलाच्या खणात, आणि दुपारी गुरुजी जेवायले गेले की... पुढचं सांगत नाही. तुम्ही पोरीले नुसतं दाखवून ठेवा की पत्ता इथं असते. पाकीट आणि तिकिटं घरात ठेवा. पाठवली का, काय झालं, विचारू नका.

तशी १५ ऑक्टोबरले कलामसाहेबांच्या जयंतीले वाचन प्रेरणा दिन असते शाळांत, पुस्तक हातात धरून फोटो काढतेत. माह्या पुतणीनं यंदा उलटं पुस्तक धरलं होतं, कोणाले दिसलंच नाही 😀

---

खजूर_आणि_खोबरं

आम्ही दुबईत. इथे मराठी पुस्तक हाच प्रश्न आहे, मुलांचं तर फारच. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम आहे, २००९ ला सुरू झालेला, त्याच्या पेट्या इथेही आल्या. एका पेटीत बरीच पुस्तकं, काही कुटुंबं मिळून एक पेटी सांभाळतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलतात. माझा मुलगा मराठी अडखळत वाचतो, पण पेटी बदलायच्या दिवशी सगळ्यात आधी तोच खाली बसतो कारण आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. मला वाटतं यादीतून निवडण्यापेक्षा हे जास्त चालतं त्याच्या वयाला.

ओसरीवरची, तुमच्याकडे तर हे सगळं हाताशी आहे. आणि कऱ्हाडला जाता-येता भिलारला न्याच तिला, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव केलं ते. लोकांच्या घरांत, लॉजमध्ये, शाळेत पुस्तकं ठेवलेली आहेत, विषयवार, मुलांच्या पुस्तकांची जागा वेगळी. कुणाच्याही पडवीत जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. आम्ही गेलो तेव्हा मालकीणबाई आतल्या खोलीत स्ट्रॉबेरी निवडत होत्या, आम्ही तिथे बसलोय याची त्यांना काही पडलेलीच नव्हती. वाशिष्ठीताई म्हणतात तसं, न विचारणारी माणसं. सुट्टी सोडून आडवारी जा, मे महिन्यात गर्दी असते.

---

बेरीज_वजाबाकी

मी गणिताबद्दल बोललो ते मागे घेत नाही. पण तूरडाळ यांचं पाकिटाचं पटलं. आमच्या घरी तर कुणी आम्हाला पत्रच पाठवलं नाही कधी.

---

ओसरीवरची

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. टीपकागद यांचा आयएसबीएनवाला भाग वाचून त्याने क्लासवाल्यांना खरंच फोन करून विचारलं की राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवता का. समोरची मुलगी म्हणाली 'सर, ते प्रीमियम पॅकेजमध्ये चेक करून सांगते.' विषय संपला.

वाचनालयाचं काम झालं. पहिल्या ठिकाणी कुलपं होती, दुसऱ्या ठिकाणी बालविभाग उघडा आहे पण संध्याकाळी दोनच तास. कार्ड तिच्या नावाने. मी बाहेर बाकावर. तिने भुतांचं एक आणि बेडकांवरचं एक आणलं, बेडकांचं का ते विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

आत्याशीही बोलले. ती आधी चिडली, 'कौतुक पण करायचं नाही का आता', पण मग तिने फोटो काढून टाकला ग्रुपवरून. ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच होता म्हणा. लेकीला मी सांगितलं की तो काढलाय आणि तुझ्या वहीला तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. ती 'हं' म्हणाली. वह्या अजून वरच्याच कप्प्यात आहेत.

हस्तलिखिताचं मात्र एकदा बोलून विसरले तर (खरं विसरले नव्हते) चार दिवसांनी ती आणि खालच्या मजल्यावरची दोघी जिन्यात बसून नावावरून भांडत होत्या. मोठ्यांना वाचायला मिळणार पण एकेकालाच, आणि घरी न्यायचं नाही, त्यांच्यासमोर बसून वाचायचं, असा ठराव झालाय. काकांना मिळणार नाही असंही कळलं. आता त्या कागद कुठला आणायचा म्हणून माझ्या मागे लागल्यात. एका मुलीचा भाऊ म्हणतोय स्पायरल मारून आणतो, यांना खरं पुस्तक वाटेल असं पाहिजे. टीपकागद, काही सांगाल का?

---

टीपकागद

प्रीमियम पॅकेज 😂

स्पायरल नको, पानं सुटतात. स्टेशनरीवाल्याकडे लेजर पेपर (हिशेबाच्या वह्यांना वापरतात तो) मागा, नव्वद-शंभर जीएसएमचा, म्हणजे जरा जाड, शाई पाठीमागे फुटत नाही. फुलस्केप आकाराचे ताव घ्या आणि मधे दुमडा, म्हणजे एका तावाची चार पानं होतात. चार-चार ताव एकात एक घालून गठ्ठे करा आणि लिहायच्या आधी पानांवर पेन्सिलीने आकडे टाका, नाहीतर अर्धी गोष्ट दुसऱ्या गठ्ठ्यात जाते आणि मग रडारड होते. दुमडीच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडायला सांगा, शिलाईत अक्षरं जातात. चित्रं स्केचपेनने काढणार असतील तर ती वेगळ्या कागदावर काढून चिकटवा.

लिहून झालं की गठ्ठे घेऊन आमच्याकडे या. आमचे बाइंडर काका दोऱ्याची शिलाई करून वर कापडी पुठ्ठा घालून देतील, एका प्रतीचे काही पैसे वगैरे नाहीत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मी वाचणार नाही, पण काकांना आकडे तपासायला पानं उलटावी लागतील, ते चालतंय का तेवढं मुलींना विचारून घ्या.